म्बोलोकोची हाक

प्रिय सेमोई,

अक्षर ओळखीचं नाही म्हणून आधीच घाबरून जाऊ नकोस. शब्द माझेच आहेत, हात मास्तर ओकेम्बांचा आहे. मी हात लावलेला कागद ओढ्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही असं ठरलंय. म्हणून मी एकेक पान लिहितो, काठीच्या चिरेत अडकवून उंच धरतो, आणि पलीकडच्या काठावर बसून मास्तर ते आपल्या वहीत उतरवून घेतात. मध्येच ओरडतात, "मोसेंबो, हा शब्द आहे की गोगलगाय?" मग मी ओरडून सांगतो. म्हणजे आपलं पत्र अर्ध्या रानाला पाठ झालंय असं समज. तुझी आई त्यांच्या शेजारी बसून रानआंब्याच्या कोया फोडतेय आणि आपलं इकडे लक्षच नाही असं दाखवतेय. तुला माहीतच आहे ती.

तुझा निरोप मिळाला. चंद्राची कोर दिसली की लाकडं वाहणाऱ्या ट्रकनं वेसोहून निघतेस, फाट्यावर उतरून दोन दिवस चालत येतेस आणि लेकीला माझ्या मांडीवर ठेवतेस, मग मी तिचं नाव ठेवायचं. जावयानं ट्रकवाल्याशी बोलूनही ठेवलंय म्हणे. तुझा दिएदोने माणूस चांगला आहे, जरा जास्त बोलतो एवढंच. पोरीच्या डोक्यावर भरपूर केस आहेत आणि ती रडायला लागली की शेजारपाजारचे दारं लावून घेतात, असं मास्तर सांगत होते. म्हणजे घसा आजोबाचा उचललाय तिनं. हे ऐकून मी एकटाच हसलो.

एकटाच, म्हणजे खरंच एकटा. तुला इतकंच कळवलंय ना, की बाबा ठीक आहेत, थोडे दिवस वेगळे राहतायत? मीच मास्तरांना तसं सांगायला लावलं होतं. ते अर्धंच खरं होतं. पोरी, मला भीती वाटते. मी हत्तीच्या वाटेत उभा राहिलोय, अंधाऱ्या रानात मधाच्या पोळ्यापर्यंत एकटा चढलोय, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी कपाळाला हात लावून बघतो. गार लागलं की मग डोळे उघडतो. वरच्या अंगाच्या गावांत रक्ताचा तो ताप आलाय, इबोला म्हणतात तो, आणि तो माझ्याही अंगात शिरला असेल की काय हे अजून कुणालाच सांगता येत नाही. कसं झालं ते तुला सगळं सांगतो. नीट सांगतो, कारण शेवटी मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे.

तू सहा-सात वर्षांची होतीस तेव्हा मी तुला पहिल्यांदा हाक मारायला घेऊन गेलो होतो. आठवतं? ओल्या पानांवर आपण दोघं पालथे पडलो होतो आणि तुझ्या नाकावर मुंगी चढली तरी तू हूं की चूं केलं नव्हतंस. मी नाक चिमटीत धरलं, ओठ मिटले आणि घशातून तो आवाज काढला, न्याँ, न्याँ, म्बोलोको हरणाचं पिलू दुखलं-खुपलं की ओरडतं तसा. तू माझ्याकडे अशी बघायला लागलीस, जणू माझ्या पोटात खरंच पिलू आहे. थोड्या वेळानं ती आली. गुडघ्याएवढी उंची, पाठीवर धुरासारखा निळसर रंग, काटकुळे पाय, बोटाच्या पेराएवढी शिंगं. पानाआड थांबली, खूर आपटला, शेपटीची पांढरी बाजू चमकवली. पुन्हा दोन पावलं आली, पुन्हा थांबली. तिला सगळ्या अंगानं पळून जायचं होतं आणि तरी ती येत होती. मी तिला मारली, तेव्हा तू रडली नाहीस. घरी येताना मात्र विचारलंस, "बाबा, तिला कळलं नाही का, की ते पिलू नाही, तू आहेस?" मी म्हणालो, "हरणाला एवढी अक्कल असती तर तू आज जेवली असतीस काय?" आणि हसलो. तू हसली नव्हतीस. तो प्रश्न मी तिथंच सोडून दिला होता, पण गेले कितीतरी दिवस तो माझ्या उशाशी येऊन बसलाय.

म्बोलोकोबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं वेसोच्या एकाही शिकलेल्या माणसाला ठाऊक नसेल, हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे. ते हरणं मोजणारे लोक आले होते तेव्हा सहा पावसाळे मी त्यांच्याबरोबर हिंडलो. मिशनच्या शाळेत तीन वर्षं घासलेली अक्षरं तिथं कामाला आली. मी पुढं चालायचो, लेंड्या दाखवायचो, आणि ते शहाणे लोक त्या पिशवीत भरून वर तारीख लिहायचे. तुझ्या आईला ते पटायचंच नाही. "हरीण खायचं सोडून हे त्याची लेंडी जपून ठेवतात, आणि आपल्याला रानटी म्हणतात," असं ती गावभर सांगायची. पण त्यांच्याबरोबर मी नुसतं बघायला शिकलो. मारायचं नाही, फक्त बसून बघायचं. म्बोलोको एकदा जोडी जमवतात आणि मग ती सोडत नाहीत. आपल्या तळाच्या आसपास असतं तेवढंच रान त्यांचं, पण ते दोघं मिळून राखतात. डोळ्याखाली एक चीर असते, त्यातून चिकट रस येतो, तो काटक्यांना पुसत हिंडतात, हे आमचं म्हणून. आणि कधी कधी काही कारण नसताना नर-मादी समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या गालाला गाल लावून ती चीर घासतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तान्ह्या पोरासारखा तोंड उघडं टाकून बसलो होतो. दिवसा चरतात, तेही आयतं, वर माकडं फळं खाताना सांडतात ते खाली उभं राहून वेचायचं. अंधार पडला की दोघंही जागेवर पडून राहतात.

आणि त्यांना एका वेळी पिलू एकच होतं. आई त्याला मोठ्या झाडाच्या मुळांच्या खोबणीत लपवून निघून जाते. दिवसातून दोन-तीनदा दूध पाजायला येते, चाटून पुसून त्याचा वास घालवते, की पुन्हा गेली. ती जवळ राहत नाही, कारण तिच्या वासानं बिबट्या येईल. पिलाचं काम एकच, हलायचं नाही आणि आवाज करायचा नाही. एकदा मी असं पिलू माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पाहिलं होतं. त्याचं काळीज चालू होतं म्हणून ते जिवंत आहे हे कळलं, नाहीतर ते पानांचा ढीगच होतं. त्या दिवसापासून हाक मारताना मला कधी कधी लाज वाटायची. तरी मी मारायचो. पोट होतं, तुम्ही होता, आणि खरं सांगायचं तर सगळे म्हणायचे की मोसेंबोसारखी हाक कुणाची नाही. ते ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढायचं.

दोन वर्षांपूर्वी घसा बसला. तंबाखू म्हण, वय म्हण. मी नाक धरायचो आणि आतून नुसती हवा यायची. तेव्हा बोकुम्बा काकाला चेव चढायचा. तुला त्याचं तोंड ठाऊक आहे. आम्ही दोघं एकाच तळावर जन्मलो, एकाच पोळ्यावरून पडलो, आणि त्यानं मला एक दिवस सुखानं खाऊ दिलं नाही. शेकोटीपाशी सगळ्यांदेखत म्हणायचा, "अरे, मोसेंबोच्या हाकेला परवा बेडूक आला होता. तोही चौकशी करून परत गेला." बायका पोट धरून हसायच्या. त्यात सगळ्यात मोठ्यानं तुझी आई हसायची, सांगायला नको. मी वरवर हसायचो आणि आत जळायचो. एवढ्या तेवढ्यानं चिडणारा माणूस आहे मी, तुला काय सांगायचं. पण हे सगळं लिहितोय ते यासाठी की पुढं जे घडलं त्याचं मूळ तापात नाही, माझ्या घमेंडीत आहे.

त्या दिवशी बोकुम्बा आणि मी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो होतो. सकाळची वेळ, रान गप्प होतं. जरा जास्तच गप्प होतं, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बोकुम्बा म्हणाला, "मार हाक. बेडकांना भूक लागली असेल." मी नाक धरलं आणि हाक मारली. एकच. आणि ती आली. सेमोई, ती थांबलीच नाही. पानाआड उभी राहिली नाही, खूर आपटला नाही, शेपटी दाखवली नाही. सरळ चालत आली, जरा तिरकी, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. चाळीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. मागं झाडीत तिचा नर होता. तो पुढं येईना आणि पळूनही जाईना, नुसता नाकातून शिट्ट्या मारत होता, एकामागून एक, जणू तिला नाही, मलाच सांगत होता की लांब हो. मोजणाऱ्यांबरोबर सहा पावसाळे काढलेला मी, मला ते सगळं वाचता येत होतं. तिचे डोळे लाल होते. कानापाशी माशा होत्या, जिवंत जनावराच्या कानापाशी. मी सगळं पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही. मनात एकच गोष्ट नाचत होती, की माझा घसा परत आला. मी बोकुम्बाकडे वळून बघितलं आणि म्हणालो, "बेडूक दिसतोय का तुला हा?"

मी तिला हातानंच धरली. ती धडपडलीसुद्धा नाही. मी मारली, खांद्यावर टाकली, रक्त मानेवरून छातीवर ओघळलं ते तसंच राहू दिलं, कारण तळावर सगळ्यांना ते दिसायला हवं होतं. अर्ध्या वाटेत बोकुम्बा म्हणाला, "दे इकडे, राजा दमला असेल," आणि त्यानं ती आपल्या खांद्यावर घेतली. तेव्हा त्याचा हात तिच्या सडांना लागला. तो म्हणाला, "मोसेंबो, हिला दूध आहे." मी म्हणालो, "असू दे." एवढंच म्हणालो मी.

तळावर आल्यावर तुझ्या आईनं एकदाच वाकून बघितलं आणि हात मागं घेतला. "ही कशी आली?" तिनं विचारलं. मी छाती काढून सांगितलं, एका हाकेत आली, सरळ समोर येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "मग ही तू मारलेली नाहीस. ही मरायलाच आली होती. मी शिजवणार नाही." आपल्या बायकांचा तो जुना रिवाज तुला माहीत आहे, जे जनावर भीती विसरून माणसापाशी येतं ते चुलीवर चढवायचं नाही. माझ्या आईनंही तो पाळला होता. पण त्या दिवशी मला वाटलं, ही माझा घसा परत आल्याचं सुख बघू शकत नाही. मी नको नको ते बोललो. तिच्या बापापर्यंत गेलो. तिनं दोन लांब काठ्या घेतल्या, बोट न लावता ते जनावर ढकलत शेकोटीत नेलं आणि वर ओली-सुकी सगळी लाकडं रचली. तळावरचे सगळे बघत होते. माझी हाक धूर होऊन गेली. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. आज ती ओढ्यापलीकडे धडधाकट बसून कोया फोडतेय, तळावरची सगळी पोरंबाळं धडधाकट आहेत, ती तिच्या त्या दोन काठ्यांमुळे. हे मी तिला अजून तोंडानं म्हणालेलो नाही. मास्तर आता हे उतरवून घेतायत, ते वाचून दाखवतील तिला.

चौथ्या दिवशी मास्तर गावातून धापा टाकत आले. रेडिओवर सांगत होते, वरच्या अंगाला रानात गोरिले आणि म्बोलोको मरून पडलेत, हात लावू नका, आणि माणसंही मरतायत. मास्तरांनी विचारलं, "तुम्ही कुणी काही उचललं नाहीत ना?" तेव्हा सगळा तळ माझ्याकडे आणि बोकुम्बाकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आली. बारीकशी बाई, पण आवाज असा की हत्ती वाट सोडेल. तिनं सांगितलं, ताप येईपर्यंत माणसापासून दुसऱ्याला धोका नाही, पण ताप कधी येईल ते सांगता येत नाही, एकवीस दिवस वाट बघायची. ओढ्याच्या अलीकडे तुझ्या आईनंच आम्हाला पानांच्या दोन झोपड्या बांधून दिल्या, तीस पावलांच्या अंतरावर, आणि मग ती पलीकडे गेली. जेवण बुंध्यावर ठेवून जातात, आम्ही नंतर जाऊन घेतो. काखेत धरायचा थर्मामीटर दिलाय, आकडा मी ओरडून सांगतो. मी वेलीला गाठी मारायला लागलो, रोज एक.

पहिले काही दिवस बोकुम्बानं मजाच केली. आपल्या झोपडीतून ओरडायचा, "बेडूकमामा, जिवंत आहात ना?" मी म्हणायचो, "तू बोलायचा थांबलास की बरा होईन." आम्ही जन्मात एकमेकांशी कधी बोललो नसू इतकं त्या तीस पावलांतून बोललो. सातव्या गाठीला तो म्हणाला की सुटलो रे आता. आठव्याला त्याचं अंग तापलं. नर्सबाई पांढरे कपडे, हातमोजे, चष्मा घालून यायची, औषधं द्यायची, पण तिला वरच्या गावांतही जावं लागायचं. ती मला निक्षून सांगून गेली होती, "काका, काही झालं तरी त्या झोपडीकडे पाऊल टाकायचं नाही. तो बोलावेल. सगळे बोलावतात. जायचं नाही."

तो बोलवायला लागला अकराव्या दिवशी. आधी आपल्या मेलेल्या आईला बोलावलं, मग बायकोला. तिला पलीकडे चौघींनी धरून ठेवलं होतं, तिचं रडणं इथपर्यंत यायचं. मग दुपारी माझं नाव घ्यायला लागला. बेडूकमामा नाही, मोसेंबोही नाही. लहानपणी आम्ही एकमेकांना ज्या नावानं हाक मारायचो, ते नाव. पाणी दे म्हणाला. मी कानांत पानं कोंबली. झोपडीच्या मधल्या बांबूला मिठी मारून बसलो. नर्सबाईचा शब्द न शब्द मला आठवत होता. त्या हरणीचे लाल डोळे आठवत होते. मला सगळं कळत होतं, पोरी, आणि तरी मी उठलो. दोन पावलं गेलो आणि थांबलो. परत दोन पावलं गेलो, थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुणासारखा चालतोय. तरीही मी गेलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आलास?" इतकंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत तो गेला. त्याला पुरायला आलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांनी आपल्या रिवाजाचं काही करू दिलं नाही. मी लांबून त्याच्यासाठी एक हाक मारली. घसा पार गेलाय माझा.

नर्सबाई माझ्यावर ओरडली नाही. ती तिथंच बुंध्यावर बसली, चष्म्याआड तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली, "काका, ती वेल टाकून द्या. नवी घ्या." पहिल्या वेलीला बारा गाठी झाल्या होत्या. नव्या वेलीला आज सात झाल्या. मी आता बहुतेक वेळ पडूनच असतो. पडल्या पडल्या मला त्या हरणीचं पिलू आठवतं. ते कुठल्या तरी मुळांच्या खोबणीत असणार, तिनं ठेवलं तिथंच. दोन दिवस, तीन दिवस ते हललं नसणार, आवाज केला नसणार, कारण त्याला तसंच शिकवलं होतं. मी त्याला शोधायलाही गेलो नाही. आता मला तेच काम लागलंय, पडून राहायचं आणि कुणाला आवाज द्यायचा नाही. ते एवढंसं पिलू जे सहज करतं ते मला जमेल का, याचीच मला मरणापेक्षा जास्त भीती वाटते.

हे शेवटचं पान मास्तरांना मुकाट्यानं उतरवून घ्यायला सांगितलंय, तुझ्या आईला आज वाचून दाखवणार नाहीत. सकाळी मी कपाळाला हात लावला, आणि ते गार नव्हतं. थर्मामीटरचा आकडा मी आज ओरडलो नाही, नर्सबाईला बोटांनी दाखवला, तेव्हा ती म्हणाली की मलेरियाही असू शकतो, रक्त तपासू, दोन दिवसांत कळेल. असेलही मलेरिया. पण डोकं ताळ्यावर आहे तोवर मला हे लिहून टाकायचं होतं, म्हणून पत्र. कोर दिसेल तेव्हा ट्रकमध्ये बसू नकोस. माझी वेल एकवीस गाठींची झाली आणि नर्सबाईनं स्वतः तुला ये म्हटलं, तरच ये. पोरीचं नाव मी आज मुद्दामच कळवत नाही, ते मी माझ्याजवळ ठेवून घेतलंय, मला जगायला काहीतरी हवं. पण मधल्या काळात ताप चढला तर मी तुला बोलावणार, सेमोई. बोकुम्बानं बोलावलं तसं. नर्सबाई पिशवीत घातलेला फोन देईल, त्यावरून मी तुझं लहानपणीचं नाव घेईन, पाणी मागेन, शेवटचं बघू दे म्हणेन, तान्हीला बघू दे म्हणेन. मी तुझा बाप म्हणून रडेन, आणि तो आवाज खोटा नसेल. तुझी आईसुद्धा घाबरून म्हणेल की ये. तू त्या दिवशी विचारलं होतंस, हरणीला कळत नाही का म्हणून, आणि मी हसण्यावारी नेलं होतं. आज खरं उत्तर देतो. तिला कळतं, पोरी. पहिल्या पावलापासून तिला कळत असतं, म्हणून तर ती तीनदा थांबते. तू पहिल्यांदा थांबशील ना, तिथूनच लेकीला घट्ट धरून मागं फीर. मी जन्मभर हाका मारून आयांना बोलावलं, आणि माझी हाक आयुष्यात एकदा तरी वाया जावी एवढंच मागतो. तू येऊ नकोस. हाक माझीच असली, तरी येऊ नकोस.

तुझाच,
बाबा